शँटी

शिडाच्या व्यापारी जहाजांवर खलाशी काम करताना जे श्रमगीत म्हणत, ते शँटी या नावाने ओळखले जाते. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचे आणि ध्रुपदातल्या ठरलेल्या शब्दावर सगळ्यांनी मिळून जोर लावायचा, अशी तिची रीत. ब्रिटिश आणि अमेरिकी जहाजांवर ती ढोबळमानाने १८२० ते १८८० या काळात भरात होती. शब्दाचे मूळ बहुधा फ्रेंच ‘शाँते’, म्हणजे गाणे. मात्र त्यावर एकमत नाही.

जात्यावरची ओवी दळणाऱ्या बाईच्या हाताच्या गतीने चालते, तिला दुसऱ्या कुणाची वाट पाहावी लागत नाही. जहाजावर दहा-पंधरा माणसे एकाच दोराला लटकलेली असत. प्रत्येकाने आपापल्या वेळी हिसका दिला तर शिडाचा अवजड वासा तसूभरही वर जात नसे. होडी वाळूवर ओढताना कोळी ‘हैय्या हो’ म्हणतात, त्यामागचे कारण हेच. म्हणूनच शँटीची चाल आधी कामाने ठरवली, गळ्याने नंतर.

मोठे शीड वासासकट वर चढवण्याच्या दोराला हॅलियार्ड म्हणतात. हे काम लांबलचक आणि दमवणारे. त्यामुळे हॅलियार्डच्या शँटीत एकट्याची ओळ चालू असताना माणसे दम घेत आणि प्रत्येक ध्रुपदात दोनदा ओढत. ‘ब्लो द मॅन डाऊन’ हे या प्रकारातले प्रसिद्ध गाणे. शीड ताणून घट्ट करण्यासाठी मोजकेच, पण जबर हिसके लागत. तिथे ध्रुपदाच्या शेवटच्या शब्दावर एकच ओढ. नांगर उचलण्याची गोष्ट वेगळी. कॅपस्टन म्हणजे डेकवरचा उभा रहाट. त्याच्या भोकांत दांडे खुपसून माणसे छातीने ते ढकलत गोल गोल चालत. हिसका नाही, नुसती चाल. म्हणून कॅपस्टनची गाणी संथ, सुरेल आणि लांब ध्रुपदांची. ‘शेनन्डोआ’ ऐकताना आजही ती चाल पायांना जाणवते. लाकडी जहाजांत पाणी झिरपायचेच, त्यामुळे पंप हाकण्याची गाणी निराळी होती. ‘पॅडी डॉइल’ तर एकाच कामासाठी राखीव होते: गुंडाळलेल्या शिडाचा जड गठ्ठा वाशावर ओढून घेताना ते म्हणत.

ओळ टाकणारा तो शँटीमॅन. हे पद जहाजाच्या नोंदवहीत नसे आणि त्याला जादा पगारही नसे, पण चांगला शँटीमॅन दहा माणसांच्या बरोबरीचा, असे खलाशी मानत. काम किती वेळ चालेल हे ठाऊक नसल्याने तो ओळी जोडत जाई, जुन्या गाण्यांतल्या उसन्या घेई, नसल्या तर तिथेच रचे. अधिकाऱ्याने ‘बिले’ म्हणजे ‘दोर बांधा’ अशी हाक दिली की गाणे अर्ध्या ओळीतच तुटे. एरवी तोंडाने काढता न येणारी तक्रार शँटीत खपून जाई: किडके बिस्किट, कप्तानाचा जाच, बुडालेला पगार. ‘लीव्ह हर, जॉनी’ हे सफरीच्या अखेरीस, शेवटचे पाणी उपसताना म्हणायचे गाणे म्हणजे अशा तक्रारींचे गाठोडेच.

मेलेल्या घोड्याचा विधी याच जगातला. बंदर सोडण्यापूर्वी खलाशाला महिन्याचा पगार आगाऊ मिळे आणि तो बहुधा किनाऱ्यावरच्या खाणावळवाल्याच्या घशात जाई. मग पहिला महिना फुकट राबल्यासारखा वाटे. त्याला ‘मेलेला घोडा’ म्हणत. महिना सरला की कॅनव्हासचा घोडा करून तो गात गात वाशाच्या टोकाशी चढवत आणि समुद्रात सोडून देत.

शँटीला निव्वळ इंग्रजी समजणे चूक आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मोबील आणि न्यू ऑर्लिअन्स बंदरांत कापसाचे गठ्ठे मोठ्या स्क्रूने दाबून जहाजाच्या पोटात ठासत. त्या कामाच्या टोळ्या गात, आणि त्या गाण्यांवर कृष्णवर्णीय मजुरांची खोल छाप होती. कॅरिबियन बेटांवरच्या हमालांची गाणी आणि आयरिश चालीही त्यात मिसळल्या. सवाल-जवाबाचा तो घाट आफ्रिकी वंशाच्या श्रमिकांचे मोठे देणे आहे. पुढच्या संग्रहांतून ते पुरेसे दिसत नाही, याची खंत वाटते. ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौकांवर मात्र गाण्याला बंदी असे. तिथे शिट्टीवर किंवा फिडलच्या सुरावर काम चाले.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. मुंबईसारख्या बंदरांशी होणारा व्यापार आगबोटींकडे वळला, आणि उरल्यासुरल्या शिडाच्या जहाजांवरही नांगर उचलायला वाफेची यंत्रे आली. वाफेच्या यंत्राला ताल लागत नाही. शँटी मागे पडली, पण कामाची एखादी हाक उरली: मुंबईच्या गोदीत ‘आर्या’ म्हणजे ‘खाली सोड’ हा शब्द रुळला, तो पोर्तुगीज ‘आरियार’ वरून. कामाची हाक टिकायला जहाज टिकावेच लागते असे नाही.

गाणी वाचली ती म्हाताऱ्या खलाशांच्या आठवणीत. लोकगीतांचे संग्राहक सेसिल शार्प यांनी १९१४ मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या वॉचेट गावी जॉन शॉर्ट या निवृत्त शँटीमॅनकडून पन्नासहून अधिक गाणी उतरवून घेतली. छापताना शिवराळ ओळी गाळल्या जात, त्यामुळे छापील शँटी मूळ शँटीपेक्षा बरीच सोज्वळ दिसते. स्टॅन ह्यूगिल (१९०६–१९९२) स्वतः ‘गार्थपूल’ जहाजावर शँटीमॅन होते. ते जहाज १९२९ मध्ये केप व्हर्दे बेटांजवळ फुटले. त्यांचा मोठा संग्रह १९६१ मध्ये निघाला.

जानेवारी २०२१ मध्ये नेथन इव्हान्स या स्कॉटिश टपालवाल्याने म्हटलेले ‘वेलरमन’ हे गाणे जगभर पोचले. न्यूझीलंडमध्ये १८३१ मध्ये ओटागोला देवमाशांच्या शिकारीचे ठाणे काढणाऱ्या वेलर बंधूंच्या पुरवठा-जहाजाचा त्यात उल्लेख आहे. काटेकोरपणे पाहता ती शँटी नाही, कारण तिच्यावर कोणताही दोर ओढला जात नव्हता. उत्तर कॅरोलिनातल्या ब्यूफर्टचे कृष्णवर्णीय मच्छीमार मात्र मेनहेडन माशांची जड जाळी खरोखरच गात ओढत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जाळे ओढणारे यंत्र आले, तेव्हा ते गाणे थांबले.