खोटं आणि खोटं खोटं

भांडीबाजारातून आणलेली पितळी भातुकली मांडून माझी चार वर्षांची भाची बाल्कनीत बसली होती. तळहाताएवढ्या ताटलीत काहीच नव्हतं. ती माझ्यापुढे सरकवत तिनं बजावलं, "मामा, मिसळ आहे. जपून खा, रस्सा तिखट झालाय." मी हवेचा घास घेतला आणि हाऽ हाऽ केलं. तिनं घाईघाईनं पाण्याचा रिकामा पेला दिला. पिताना मी तो मुद्दाम कलंडवला. "सांडलंस ना!" असं म्हणत तिनं कोरडी फरशी फ्रॉकच्या टोकानं पुसली आणि दुसरा पेला आणून दिला. पहिल्यातून पुन्हा प्यायला दिलं नाही, कारण तिच्या हिशेबानं तो आता रिकामा झाला होता.

दोन्ही पेले मुळातच कोरडे होते, हे तिला ठाऊक होतंच. तरीही त्यातला एक 'भरलेला' आणि एक 'सांडलेला' हा हिशेब तिनं चोख ठेवला.

मानसशास्त्रज्ञ ॲलन लेस्ली यांनी जवळजवळ हाच खेळ प्रयोग म्हणून केला आहे. मुलासमोर दोन रिकाम्या कपांत खोटा खोटा चहा ओतायचा, एक कप उचलून पालथा करायचा, पुन्हा सरळ ठेवायचा आणि विचारायचं, "रिकामा कप कुठला?" दोन-अडीच वर्षांची मुलंही पालथा केलेला कप दाखवतात. खरं उत्तर 'दोन्ही' हे आहे. पण प्रश्न कुठल्या दुनियेतला आहे, हे मुलांना न सांगता कळतं.

लेस्लींना पडलेला प्रश्न साधा वाटतो, पण तसा तो नाही. दोन वर्षांचं मूल अजून जगातल्या वस्तू ओळखायला शिकत असतं. अशा वयात आईनं केळं कानाला लावून "हॅलो" म्हटलं, तर केळ्याबद्दलच्या त्याच्या समजुतीत गोंधळ का उडत नाही? उद्यापासून ते फोनची सालं का काढत नाही? लेस्लींनी १९८७ साली मांडलं, की मेंदू अशा कल्पनांची खऱ्या माहितीशी असलेली गाठ सोडवून त्या बाजूला ठेवतो. तिथं केळं फोन असू शकतं, आणि खऱ्या केळ्याला धक्का लागत नाही. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय, त्याचा काय गैरसमज झालाय, हे कळण्यासाठीही असंच वेगळं खातं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

या गोष्टीसाठी मराठीत फार नेमका शब्द आहे. 'खरं' दोनदा म्हटलं की ते जास्त खरं होतं: "खरं खरं सांग!" पण 'खोटं' दोनदा म्हटलं की ते जास्त खोटं होत नाही, ते खेळातलं होतं. "तू खोटं रडतेस" हा आरोप आहे, "तू खोटं खोटं रड" हे आमंत्रण. फसवणूक आणि कल्पना यांतला फरक आपण नुसत्या द्विरुक्तीनं दाखवतो आणि मुलं तो शाळेत जायच्या आधीच शिकलेली असतात. म्हणून "गोष्टींमुळे मुलांना खरं-खोटं कळेनासं होतं" ही काळजी मला उलटी वाटते. सोसायटीतल्या एका पालकांनी मला परवाच विचारलं होतं, चिमण्या-कावळ्यांपेक्षा राजधान्या पाठ करून घेतल्या तर बरं नाही का?

तर मग चिमणी-कावळाच घेऊ. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस आला आणि काऊचं घर वाहून गेलं. यातलं एकही विधान पक्षिशास्त्रात बसत नाही. पण मूल ते 'समजा' म्हणून स्वीकारतं आणि पुढचा विचार शिस्तीत करतं: शेण पाण्यात विरघळतं, मेण विरघळत नाही, म्हणून कावळा बेघर झाला. भाचीनं तर एप्रिलमध्ये विचारलं होतं, "मग उन्हाळ्यात चिऊचं घर वितळलं का?" नाशिकच्या चाळीस अंशांत हा प्रश्न अगदी रास्त होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मारिया डायस आणि पॉल हॅरिस यांनी १९८८ साली लहान मुलांना अशीच विचित्र विधानं दिली. सगळी मांजरं भुंकतात. रेक्स मांजर आहे. तर रेक्स भुंकतो का? सरळ विचारलं तर मुलं अनुभवाला धरून राहतात: मांजर कुठं भुंकतं! तेच गोष्टीच्या सुरात, कल्पनेतली दुनिया म्हणून सांगितलं, की चार ते सहा वर्षांची मुलं कितीतरी अधिक वेळा तर्काला धरून उत्तर देतात. अलेक्झांडर लुरिया यांनी १९३०च्या दशकात उझबेकिस्तानातल्या न शिकलेल्या शेतकऱ्यांना असाच एक प्रश्न विचारला होता. दूर उत्तरेला, जिथं बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. तर तिथल्या अमुक गावातली अस्वलं कोणत्या रंगाची? अनेकांचं उत्तर होतं, आम्ही तिथं गेलो नाही, कसं सांगणार? हा अडाणीपणा नव्हे. न पाहिलेल्याबद्दल बोलायचं नाही, ही एक सचोटीच आहे. पण "समजा, क्षची किंमत पाच आहे" या वाक्यापासून पुढचं सगळं गणित 'समजा'वर उभं असतं. 'आटपाट नगर होतं' ही त्याची पहिली तालीम, असं मला वाटतं.

हे सगळं थंड डोक्यानं चालतं असं मात्र नाही. हॅरिस आणि सहकाऱ्यांनी मुलांना एका रिकाम्या खोक्यात राक्षस आहे अशी कल्पना करायला सांगितली. खोकं रिकामं आहे, राक्षस खोटा खोटा आहे, हे मुलांनी कबूल केलं. संशोधक बाहेर गेल्यावर त्यातली बरीच मुलं हळूच खोक्याजवळ जाऊन बघू लागली. हसू नका. पॉल रोझिन यांच्या प्रयोगात मोठ्या माणसांनी साखरेच्या दोन बाटल्यांवर स्वतःच्या हातानं चिठ्ठ्या चिकटवल्या, एकीवर 'साखर', दुसरीवर 'सायनाइड'. दोन्हींत साखरच आहे हे डोळ्यांदेखत दिसत असूनही दुसरीतली साखर घातलेलं पाणी प्यायला लोक कचरले. बागुलबुवा नसतो हे मुलाला कळतं. भीती वेगळ्या वाटेनं येते. म्हणून "असं काही नसतं" या वाक्याचा रात्री नऊनंतर फारसा उपयोग होत नाही. "मारुतीला दारात बसवू या" याचा होतो.

कल्पनेतला आधार दिवसाही चालतो. रेचल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली चार आणि सहा वर्षांच्या मुलांना संगणकावर दहा मिनिटांचं कंटाळवाणं काम दिलं आणि शेजारी टॅबलेटवर खेळ ठेवला. काही मुलांनी स्वतःला विचारायचं होतं, "मी नीट काम करतोय का?" काहींनी बॅटमॅनसारखं कोणीतरी बनून, "बॅटमॅन नीट काम करतोय का?" सगळ्यांत जास्त वेळ टिकले ते बॅटमॅन. मला आपल्या नाशिकची धुळवडीची वीरांची मिरवणूक आठवली. एरवी दोन गल्ल्या चालल्यावर "उचलून घे" म्हणणारी पोरं खंडोबा किंवा कृष्ण होऊन, मुकुट सावरत, पार गंगेपर्यंत, म्हणजे आपल्या गोदावरीपर्यंत, चालत जातात. खंडोबा कुठं कडेवर बसतो?

आता घासात एक खडा. असे खेळ खेळवले की मुलाची बुद्धी वाढते, असं सांगत महागडी खेळणी विकली जातात. अँजेलिन लिलार्ड यांनी सहकाऱ्यांसह २०१३ साली त्या वेळेपर्यंतचे अभ्यास तपासले आणि त्यांचा निष्कर्ष असा, की कल्पनाखेळामुळेच हुशारी किंवा सर्जनशीलता वाढते याचा पुरावा कच्चा आहे. दोन्ही गोष्टी सोबत दिसतात, पण कारण कुठलं हे पक्कं झालेलं नाही. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. भातुकलीला गुणपत्रिका कशाला हवी?

बरं, ही सवय बालपणाबरोबर सुटतही नाही. जर्मनीतल्या एका गुहेत १९३९ साली मॅमथच्या दाताचे तुकडे मिळाले. ते जोडल्यावर सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीची, साधारण एकतीस सेंटिमीटरची मूर्ती उभी राहिली: धड माणसाचं, डोकं सिंहाचं. आपल्याला लगेच नरसिंह आठवतो. संबंध काहीच नाही, पण न पाहिलेला प्राणी घडवायची खोड तीच. फिलिपिन्समधल्या अग्टा या शिकार करून, कंदमुळं गोळा करून राहणाऱ्या लोकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्त्यांत चांगले गोष्ट सांगणारे अधिक होते, तिथले लोक तांदूळ वाटून घेण्याच्या खेळात अधिक उदार निघाले. शेजारी कोण हवा, तर चांगल्या शिकाऱ्यापेक्षाही लोकांनी गोष्टीवाल्याला पसंती दिली. त्यांची एक गोष्ट अशी: आकाश कोणी उजळायचं यावरून सूर्य आणि चंद्र भांडतात आणि शेवटी दिवस-रात्र वाटून घेतात. सार्वजनिक नळावर रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही ही गोष्ट कळेल.

आपलं गाव तर गोष्टींवरच वसलंय. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, असं आजी सांगायची. नऊ शिखरांवरून नवशिख, असं दुसरे सांगतात. पांडवलेण्यांचा पांडवांशी संबंध नाही. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत, सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख तिथं आहे. लेख वाचता येईनासे झाले आणि लोकांनी रिकाम्या खोल्यांत ओळखीची माणसं राहायला आणली, असं मी समजतो. आणि गंगेला पूर आला, की धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हा आकडा कितीही वेळा सांगितला तरी गाव विचारतं, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" नदीपात्रातल्या त्या मूर्तीचा गुडघा, कंबर, छाती. देव कधी बुडत नाही असं सगळे मानतात, आणि पाणी गळ्याशी आलं की दुकानदार माल वर हलवतात. दोन्ही खाती एकाच वेळी उघडी असतात.

बाल्कनीतली मिसळ संपली तेव्हा ऊन तापलं होतं. मी आणखी एक पेला मागितला, तर भाचीनं भातुकली ढकलून दिली आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडली, "आई, पाणी दे. खरं खरं!"