जुन्या गाडीतला डेक आणि वॅटचा घोळ

गणपतीला महिनाभर असताना चिपळूण, कणकवली, सावंतवाडीकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाड्या लागायला सुरुवात होते. इंजिन ठीक, टायर ठीक, फक्त गाणी नीट ऐकू येत नाहीत. गाडीत गाणी वाजवणाऱ्या वस्तूला आपण आधी ‘टेप’ म्हणायचो, मग ‘डेक’ म्हणू लागलो, आता ‘अँड्रॉइड’ म्हणतो. नाव तीनदा बदललं, पण जुन्या गाडीत ती बसते तो खण फारसा बदललेला नाही.

त्या खणाचं माप १८० बाय ५० मिलिमीटर. मूळ जर्मन मानक, तिथल्या मानक संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘डिन’, आणि १९८४ मध्ये तेच आंतरराष्ट्रीय झालं. दुप्पट उंचीचा, १८० बाय १०० चा, तो ‘डबल डिन’. त्याआधीच्या पद्मिनी-अँबेसेडरमध्ये दोन बटणांचा रेडिओ असे, नाहीतर डेक डॅशबोर्डाखाली पत्र्याच्या पट्टीने टांगलेला. त्या काळाबद्दल हौशी लोक पुष्कळ लिहितात. सध्याच्या अडचणींची मुळं मात्र नव्वदीत आहेत.

नव्वदीत कोकणात डेक दोन वाटांनी येई. एक मुंबईची, लॅमिंग्टन रोडवरून. दुसरी आखातातून किंवा जहाजावरून परतणाऱ्या माणसाच्या सामानातून. खेड, मंडणगड, श्रीवर्धनच्या कित्येक घरांत पहिला चांगला डेक असाच आला. त्याचं पॅनल काढता येई. सोय चोरी टाळायला केलेली, पण गावात गाडी आंब्याखाली उभी करून मालक पॅनल घरात न्यायचा, कुठल्या तरी फडताळात ठेवायचा आणि शिमग्याला परत आला की शोधत बसायचा. पॅनल नसेल तर डेकचा नुसता डबा. जुन्या गाड्यांतले कितीतरी डेक बिघडलेले नाहीतच, त्यांची पॅनलं हरवली आहेत.

वॅटचा घोळही याच काळातला, आणि तो अजून सुटलेला नाही.

खोक्यावर ‘५० वॅट × ४’ छापलेलं असतं. गिऱ्हाईक चार पन्नास दोनशे करतं आणि दोनशेच्या वरचे स्पीकर मागतं. आता हिशोब पाहा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. डेकमधली चिप स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलटसुलट ढकलून ते सगळे व्होल्ट वापरते. ४ ओहमच्या स्पीकरवर शुद्ध सुराची ताकद त्यातून फार तर २६ वॅट निघते, तीही चिपमध्ये काहीच वाया गेलं नाही तर. प्रत्यक्षात स्वच्छ आवाज १५ ते २० वॅटच्या आसपास संपतो. मग ५० आले कुठून? आवाज इतका वाढवायचा की लहरींचे माथे छाटले जाऊन त्या चौकोनी होतील. अशा लहरीचा हिशोब मांडला की १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे जवळजवळ ५२. आकडा खोटा नाही, पण त्या आवाजात गाणं ओळखता येणार नाही.

‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा म्हणून छापलेला आकडा, याहून वाईट. त्याची कुणी मान्य केलेली व्याख्याच नाही, त्यामुळे हातात मावणाऱ्या डब्यावर हजार वॅट छापले तरी हरकत घेणार कोण? अमेरिकेतल्या उद्योगाने २००३ मध्ये मोजायची एक रीत ठरवली: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विकृती १ टक्क्याच्या आत. चांगल्या खोक्यांवर त्यानंतर ‘आरएमएस’चा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा, छोटा आकडा येऊ लागला. तो कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो आणि मोठा आकडा समोर सोनेरी.

पडताळायला यंत्र लागत नाही. डेक ओढून मागचा फ्यूज बघायचा. बहुतेक वेळा तो १० किंवा १५ अँपिअरचा असतो. १० म्हणजे आत शिरणारी ताकदच जास्तीत जास्त १४४ वॅट, त्यातली बरीच पाठीवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या तापवण्यात जाते. उरलेल्यातून दोनशे कसे निघणार, हे एकदा दुकानात विचारून बघावं. ‘साहेब, कंपनीने लिहिलंय’ एवढंच उत्तर मिळतं.

या घोळात खरा उपयोगी आकडा मागे पडला: स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीवर तो किती जोरात वाजतो. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढाच फरक डेक न बदलता मिळतो. म्हणून माझं मत सरळ आहे: जुन्या गाडीत आधी पुढच्या दारांचे स्पीकर बदलावेत, मागच्या फळीवरचे मोठे लंबगोल नंतर. बाजार उलट क्रमाने विकतो, कारण फळीवरचे लंबगोल मागून येणाऱ्याला दिसतात.

दारांना इथल्या हवेचाही फटका आहे. जुन्या स्पीकरच्या कागदी शंकूभोवती फोमची कडा असते आणि दमट हवेत ती कुजते. दाराचं पॅनल उतरवून बोट लावलं की ओल्या राखेसारखी चुरा होऊन हाताला चिकटते. मालक वर्षभर ‘डेक फाटतोय’ म्हणत असतो, फाटलेली असते ती ही कडा. पॉलिप्रॉपिलीनचा शंकू आणि रबरी कडा इथे जास्त टिकते. दुसरं म्हणजे पाणी. काचेवरून ओघळणारा पाऊस दाराच्या आतून खाली येतो आणि तळच्या भोकांतून बाहेर पडतो. ती भोकं तांबड्या मातीने आणि पाल्याने बुजली तर दारात पाणी साठतं. नवा स्पीकर लावण्याआधी ती तारेने मोकळी करावीत, स्पीकरवर प्लास्टिकची टोपी लावावी. दहा मिनिटांचं काम, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

पुढचा इतिहास झपाट्याचा. सीडी इथल्या रस्त्यांवर उड्या मारायची, एमपीथ्री आणि पेनड्राइव्हने तिला पाच-सात वर्षांत संपवलं. मग लायटरच्या भोकात खोचायचा एफएम ट्रान्समीटर आला. तो मुंबईत खरखरतो, कारण तिथे पट्टा खाजगी स्टेशनांनी भरलेला. पेण मागे पडून घाट लागले की पट्टा रिकामा होतो आणि तोच स्वच्छ वाजतो. आता नऊ इंची पडदे आहेत. जुन्या एक-डिन गाडीत ते बसवायला डॅशबोर्ड कापावा लागतो आणि कापलेला डॅशबोर्ड खडखडतो, हे कापणारा आधी सांगत नाही.

वायरिंगचा वादही इथूनच सुरू होतो. कपलर, म्हणजे गाडीच्या मूळ प्लगला डेक जोडणारा तयार जोड, लावला तर मूळ वायर कापावी लागत नाही, पण कपलर आणायला दोन दिवस जातात आणि गिऱ्हाइकाला आजच गावी पोचायचं असतं. डेकच्या पिवळ्या वायरीला बॅटरीचा कायमचा पुरवठा लागतो, लाल वायर किल्लीवर. घाईत दोन्ही एकत्र पिळून कायमच्या पुरवठ्यावर दिल्या की डेक वाजतो, गिऱ्हाईक खूश. फक्त किल्ली काढली तरी तो पुरता झोपत नाही, बॅटरी ओढत राहतो. मुंबईत रोज चालणाऱ्या गाडीत हे कळत नाही. गावात ठेवलेली गाडी दिवाळीला सुरू करायला जावं, तर स्टार्टर नुसता टक्‌ करतो, आणि दोष बॅटरीवर जातो.