हिटलरला जर्मनीने बहुमताने निवडून दिलं नव्हतं

‘हिटलरलाही लोकांनीच बहुमताने निवडून आणलं होतं,’ हे वाक्य निवडणुका आल्या की हमखास फिरतं. ते खरं नाही.

एप्रिल १९३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तो तेव्हाचे अध्यक्ष हिंडेनबुर्गकडून हरला. सुमारे ३७ टक्के मतं पडली. संसदेत त्याच्या पक्षाची मतं जुलैतल्या ३७ टक्क्यांवरून नोव्हेंबरात ३३ वर घसरली. म्हणजे ओहोटी लागली होती. तरीही ३० जानेवारी १९३३ ला हिंडेनबुर्गने त्याला चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख नेमलं. मंत्रिमंडळात नाझी तिघेच, तेव्हा याला आपण मुठीत ठेवू, असा माजी चान्सलर फॉन पापेन आणि मंडळींचा हिशेब होता. माझ्या मते खरा घात इथेच झाला.

महिन्याभरात संसद भवनाला आग लागली आणि नागरी हक्क गुंडाळले गेले. दहशतीत झालेल्या मार्चच्या मतदानातही नाझींना ४३.९ टक्केच! २३ मार्चला क्रोल ऑपेरा हाऊसमध्ये संसद भरली, तेव्हा आत गणवेशातले नाझी दंडेलखोर उभे होते. कम्युनिस्ट खासदारांना येऊच दिलं नव्हतं. सरकारला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने ४४४. विरोधात ९४, सगळे सोशल डेमोक्रॅट.