तुमचं फंक्शन चालू आहे. त्याखालच्या रनटाइमचं काय?

सर्व्हरलेस सेवा घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, जानेवारी २०२६

यंदाच्या वार्षिक देखभालीच्या कोटेशनमध्ये 'रनटाइम बदल' अशी एक नवी ओळ दिसली आणि बऱ्याच जणांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच: "सगळं तर नीट चाललंय, मग हे कशाला?" प्रश्न रास्त आहे, पण फोनवर त्याचं उत्तर धड देता येत नाही. म्हणून हे पत्रक.

गिरणी आणि दळण

सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर नसतोच असं नाही. तो तुमचा नसतो, इतकंच. पिठाच्या गिरणीत आपण डबा घेऊन जातो. मोटर, पट्टा, वीज सगळं गिरणीवाल्याचं. आपण किलोमागे दळणाचे पैसे देतो आणि घरी येतो. ॲमेझॉनची लॅम्डा ही सेवा २०१४ च्या नोव्हेंबरात आली ती याच हिशेबाने: तुमचा कोड जितका वेळ चालेल तितकेच पैसे. सुरुवातीला तिथे फक्त नोड जेएस (जावास्क्रिप्टमधला कोड सर्व्हरवर चालवणारी प्रणाली) चालायचं. जावा आणि पायथन २०१५ मध्ये आले. २०१६ मध्ये मुंबई रीजन (ॲमेझॉनच्या सर्व्हरांचं मुंबईतलं केंद्र) सुरू झालं, आणि तुमच्यापैकी बहुतेकांची फंक्शनं (एकेक ठरलेलं काम करणारे कोडचे तुकडे) आज तिथेच आहेत.

या गिरणीतला दगड म्हणजे रनटाइम. आम्ही तुमच्यासाठी पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये कोड लिहितो. तो चालवायला पायथनची ठरावीक आवृत्ती, तिच्याखाली लिनक्स, आणि सोबत काही ठरलेल्या लायब्ररी (आयत्या कोडचे संच) लागतात. हे सगळं ॲमेझॉन पुरवतं आणि त्यातल्या बारीकसारीक सुरक्षा दुरुस्त्याही स्वतःच करत असतं. दगडाला टाकी लावायचं काम गिरणीवाल्याचं, तुम्हाला कळतही नाही. पण दगडच बदलायचा झाला, म्हणजे पायथन ३.९ वरून ३.१३ वर जायचं झालं, तर ते ॲमेझॉन परस्पर करत नाही. नव्या दगडावर तुमचं दळण कसं पडेल हे त्याला माहीत नसतं. ते बघायचं काम तुमचं, म्हणजे तुमच्या वतीने आमचं.

दगड बदलावाच का लागतो?

कारण भाषांनाही मुदत असते आणि ती ॲमेझॉन ठरवत नाही. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते आणि तिला साधारण पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. ३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, ३.१० ची ऑक्टोबर २०२६ मध्ये संपेल. नोडच्या सम क्रमांकाच्या आवृत्त्या दीर्घ मुदतीच्या असतात, तरी त्यांचं आयुष्य जेमतेम तीन वर्षांचं. नोड १८ ची मुदत ३० एप्रिल २०२५ ला संपली, नोड २० ची ३० एप्रिल २०२६ ला संपते, नोड २२ ची एप्रिल २०२७ मध्ये.

या तारखा अलीकडेही येऊ शकतात. नोड १६ ची मुदत आधी एप्रिल २०२४ पर्यंत जाहीर झाली होती. पण ते ज्या ओपनएसएसएल १.१.१ वर (जोडणी सुरक्षित करणाऱ्या लायब्ररीवर) उभं होतं त्याचाच पाठिंबा ११ सप्टेंबर २०२३ ला संपणार होता, म्हणून नोड १६ लाही त्याच दिवशी निरोप दिला गेला. सात महिने एकदम कमी झाले.

आता या तारखा आपल्या कॅलेंडरवर ठेवून बघा. नोडचा एप्रिलअखेर म्हणजे आपला मार्चअखेर नुकताच उरकलेला. पतसंस्था आणि व्यापारी ग्राहक तेव्हा हिशेबात बुडालेले असतात आणि चालू यंत्रणेला हात लावू देत नाहीत, बरोबरच आहे. पायथनचा ऑक्टोबर म्हणजे दसरा-दिवाळी. दोन्ही मुदती नेमक्या आपल्या गर्दीत येतात. म्हणून आमचा नियम असा: नोडचं काम संक्रांत ते फेब्रुवारीअखेर, पायथनचं काम श्रावणात. हे पत्रक जानेवारीत तुमच्या हातात पडतंय ते त्यामुळेच.

मुदत संपली तर नेमकं काय होतं?

त्या दिवशी काहीच होत नाही. खरी फसगत इथेच आहे.

मुदतीच्या किमान १८० दिवस आधी ॲमेझॉन सूचना पाठवतं. मुदत उलटली की रनटाइम 'डिप्रिकेटेड' होतो: सुरक्षा दुरुस्त्या बंद, तांत्रिक मदत बंद. त्यानंतर किमान ३० दिवसांनी त्या रनटाइमवर नवं फंक्शन बनवता येत नाही आणि किमान ६० दिवसांनी असलेल्या फंक्शनमध्ये बदल करता येत नाहीत. या शेवटच्या दोन तारखा ॲमेझॉन बऱ्याचदा पुढे ढकलतं, त्यामुळे "मागच्या वेळी कुठे काय झालं?" असं म्हणायची सवय लागते. आणि फंक्शन? ते चालूच राहतं. पावत्या निघतात, मेसेज जातात. कुलूप चालण्याला लागत नाही, बदलाला लागतं.

गेल्या सप्टेंबरात आमच्याकडे एक वितरक आले. त्यांच्या बिलिंगचं फंक्शन आधी कुणीतरी पायथन ३.६ मध्ये लिहून दिलं होतं. पायथन ३.६ ची मुदत डिसेंबर २०२१ मध्येच संपलेली. तरी बिलं रोज बिनबोभाट निघत होती. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने नवे दर ठरवले, लागू २२ सप्टेंबरपासून. बहुतेक वस्तूंचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन ५ आणि १८ उरले. त्यांच्या कोडमध्ये दर थेट लिहिलेले होते (हा वेगळा विषय, त्यावर आम्ही त्यांना वेगळं बोललो). बदल चार ओळींचा होता. पण सेव्ह होईना, कारण ३.६ वरच्या फंक्शनमध्ये बदल करायला कधीचीच बंदी आली होती. चार ओळींसाठी आधी अख्खं फंक्शन ३.१२ वर न्यावं लागलं, तेही नवरात्राच्या तोंडावर, रात्री जागून. शांतपणे केलं असतं तर आठवड्याभराचं काम होतं, आणि बिलही निम्मं झालं असतं.

सुरक्षेचा मुद्दा थोडक्यात: ज्या रनटाइमच्या दुरुस्त्या थांबल्या, त्यात नवं भोक सापडलं की ते उघडंच राहतं. तुमच्या फंक्शनमधून ग्राहकांचे फोन नंबर किंवा पैशांचे व्यवहार जात असतील तर याहून जास्त सांगायला नको.

"नुसता आकडा तर बदलायचा!"

कन्सोलवर (ॲमेझॉनच्या खात्याच्या वेबपानावर) रनटाइमचा रकाना बदलायला अर्धा मिनिट लागतो. त्यानंतर काय काय बिघडतं, ते आम्ही स्वतः अनुभवलेलं सांगतो.

जुन्या नोड फंक्शनांना ॲमेझॉनची एसडीके (ॲमेझॉनच्या इतर सेवांशी बोलायची लायब्ररी) रनटाइमसोबत आयती मिळायची, म्हणून कुणी ती वेगळी जोडत नसे. नोड १८ पासून रनटाइमसोबत एसडीकेची तिसरी आवृत्ती येते, दुसरी येत नाही. जुना कोड पहिल्याच ओळीवर आडवा होतो. दुसरी आवृत्ती वेगळी बांधून काम भागवता येतं, पण तिचाही पाठिंबा ८ सप्टेंबर २०२५ ला संपला आहे. नोड २४ च्या रनटाइमवर तर कॉलबॅक पद्धतीने (काम संपल्यावर दुसरं फंक्शन बोलावून उत्तर द्यायची जुनी रीत) लिहिलेलं हँडलर, म्हणजे फंक्शन जिथून सुरू होतं तो भाग, चालतच नाही. २०१७-१८ च्या सुमारास आम्ही लिहिलेली कितीतरी फंक्शनं त्याच पद्धतीची आहेत. तेव्हा तीच रीत होती.

नोड १८ सोबत ओपनएसएसएल ३ आलं. ते जुनाट टीएलएस (दोन सर्व्हरमधली सांकेतिक, सुरक्षित) जोडणी नाकारतं. तुमचं फंक्शन एखाद्या जुन्या एसएमएस गेटवेशी किंवा बँकेच्या जुन्या सर्व्हरशी बोलत असेल, तर आपल्या कोडमध्ये काडीचा बदल न होता जोडणी तुटते. दोष समोरच्या सर्व्हरचा असतो, पण मेसेज तुमचे थांबतात. पायथन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स आणि इम्प हे जुने मॉड्यूल गेले. शिवाय पायथन ३.१२ आणि नोड २० पासून खालचं लिनक्सही बदललं. ॲमेझॉन लिनक्स २ च्या जागी ॲमेझॉन लिनक्स २०२३ आलं. लेयरमध्ये (फंक्शनला वेगळ्या जोडलेल्या गठ्ठ्यात) बांधलेल्या नमपाय (आकडेमोडीची) किंवा पिलो (चित्रांची) यांसारख्या लायब्ररी नव्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधाव्या लागतात.

या पुनर्बांधणीत आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती आपल्या भाषेशी निगडित आहे. एका प्रशिक्षण संस्थेची प्रमाणपत्रं फंक्शनमधून तयार होतात. नाव चित्रावर छापायचं काम पिलो करते. देवनागरी अक्षरं नीट जुळवायला पिलोला फ्रिबिडी नावाची छोटी लायब्ररी सापडावी लागते. जुन्या लेयरमध्ये ती आम्हीच ठेवली होती, नवा लेयर बांधताना राहून गेली. अशा वेळी पिलो एरर देत नाही, मुकाट्याने साध्या मांडणीवर उतरते. चाचणीचं नाव आम्ही इंग्रजीत टाकलं होतं, ते सुरेख छापलं गेलं. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्षात निघालेल्या प्रमाणपत्रांवर ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या पुढे जाऊन बसल्या होत्या आणि जोडाक्षरांचे पाय मोडले होते. तेव्हापासून आमच्या चाचणीत क्षितिजा, श्रीनिवास, ज्ञानेश्वर आणि कृष्णा ही चार मंडळी कायमची आहेत, आणि त्यांची प्रमाणपत्रं माणूस डोळ्यांनी बघतो.

आम्ही काय करतो

आधी यादी. यादी म्हणजे कन्सोलवर दिसतात तेवढीच फंक्शनं नव्हेत. प्रकाशित केलेल्या जुन्या आवृत्त्या आपापल्या जुन्या रनटाइमवरच असतात. वरचं फंक्शन नवं दिसतं, आणि पावती छापणारं एलियस (कुठली आवृत्ती चालवायची ते सांगणारं टोपणनाव) मागच्या आवृत्तीकडे बोट दाखवत असतं. मुंबई सोडून इतर रीजनही आम्ही बघतो. वेबसाइटसाठी एजवर (वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवर) चालणारी फंक्शनं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रीजनमध्येच बनवावी लागतात, म्हणून ती हमखास नजरेआड राहतात.

मग वेगळी प्रत करून नव्या रनटाइमवर चाचणी. ती पार पडली की एलियसच्या आधारे आधी थोडी वाहतूक नव्या आवृत्तीकडे, दोन-तीन दिवस नोंदी बघून मग सगळी. जुनी आवृत्ती आम्ही महिनाभर पुसत नाही, म्हणजे गरज पडल्यास मागे येता येतं. बदलबंदीची तारीख उलटल्यावर फंक्शन पुन्हा जुन्या रनटाइमवर नेता येत नाही. आधी करण्याचा आमचा आग्रह आहे तो म्हणून.

काही जण विचारतात, "कंटेनर इमेज वापरली की ही कटकट संपते ना?" (कंटेनर इमेज म्हणजे कोड आणि त्याचा रनटाइम आपणच एकत्र बांधलेला गठ्ठा.) संपत नाही, आपल्या अंगावर येते. इमेजमधल्या दुरुस्त्या ॲमेझॉन आपोआप करत नाही. नवी इमेज बांधून चढवायची जबाबदारी आपली. १० जीबीपर्यंतची मोठी इमेज हवी असेल तर तो मार्ग ठीक आहे. कटकट टाळायला म्हणून नको.

ॲझ्युअरवर (मायक्रोसॉफ्टच्या अशाच सेवेवर) असलेले आमचे ग्राहक थोडे आहेत. त्यांच्यासाठी एकच तारीख: डॉटनेटच्या (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग प्रणालीच्या) इन-प्रोसेस पद्धतीचा, म्हणजे फंक्शन ॲझ्युअरच्याच प्रोसेसमध्ये चालवण्याचा, पाठिंबा १० नोव्हेंबर २०२६ ला संपतो. २०२६ ची दिवाळी नेमकी त्याच आठवड्यात आहे, तेव्हा ते काम आपण पावसाळ्यातच उरकू.

खर्च आणि तुमच्याकडून काय हवं

आमच्या देखभाल करारात वर्षातून एकदा यादी करणं आणि मुदतींची आठवण देणं धरलेलं आहे. आम्हीच लिहिलेल्या फंक्शनांचा एक टप्प्याचा रनटाइम बदलही त्यात येतो. दुसऱ्या कुणी लिहिलेला कोड, किंवा तीन-चार टप्पे मागे राहिलेलं फंक्शन असेल, तर आधी बघून वेगळा अंदाज देऊ. न बघता आकडा सांगितला तर तो चुकतोच.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. पहिली ईमेलची. ॲमेझॉनच्या सूचना खातं उघडताना दिलेल्या पत्त्यावर जातात, आणि तो पत्ता बऱ्याचदा नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा किंवा मालकांच्या भाच्याचा असतो. एका ग्राहकाच्या अशा बंद इनबॉक्समध्ये सहा महिन्यांच्या सूचना पडून होत्या. खात्याच्या सेटिंगमध्ये पर्यायी संपर्काची सोय आहे. त्यातल्या ऑपरेशन्स या रकान्यात आमचा ईमेल टाका. पासवर्ड आम्हाला देऊ नका, कसं टाकायचं ते फोनवर सांगू.

दुसरी गोष्ट म्हणजे चाचणीसाठी तुमच्याकडचा एक माणूस, दोन तास. पावती बरोबर आहे की नाही हे आमच्यापेक्षा तुमच्या काउंटरवरच्या माणसाला लवकर कळतं.

नोड २० वर ज्यांची फंक्शनं आहेत त्यांना यादी या पत्रकासोबतच जोडली आहे. त्यावर सोयीची तारीख लिहून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत परत पाठवा. पायथन ३.१० वाल्यांची यादी जुलैत येईल.