प्रत्येक अग्निजन्य खडक ज्वालामुखीतून येतो का?

‘अग्निजन्य खडक म्हणजे ज्वालामुखीतून बाहेर पडून थिजलेला लाव्हा’ हे वाक्य वर्षानुवर्षे फिरते आहे. नावातच अग्नी असल्याने ते पटते. पण ते अर्धेच खरे आहे.

जमिनीखालच्या वितळलेल्या द्रव्याला शिलारस म्हणतात; तो पृष्ठभागावर आला की लाव्हा. बराचसा शिलारस वर पोहोचतच नाही. काही किलोमीटर खोलीवर, भोवतालच्या खडकांच्या उबदार वेढ्यात तो हजारो ते लाखो वर्षे निवत राहतो. एवढा वेळ मिळाल्याने स्फटिक मोठे होतात आणि ग्रॅनाइट तयार होतो. वरची झीज झाली की तो उघडा पडतो. लाव्हा मात्र हवेत किंवा पाण्यात झटपट थिजतो, म्हणून लाव्हापासून बनणाऱ्या बेसाल्टचे कण बारीक असतात.

तपासायचे कसे? खडकाचा ताजा तुटलेला पृष्ठभाग दहापट भिंगातून पाहा. एकमेकांत गुंतलेले, नुसत्या डोळ्यांनीही वेगळे दिसणारे कण असतील तर तो खोलवर निवला. कण दिसतच नसतील, वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे असतील तर बहुधा लाव्हा.

वर्गीकरणाची दुसरी कसोटी रासायनिक घडण. बेसाल्टमध्ये सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे संयुग) साधारण ४५ ते ५२ टक्के असते, ग्रॅनाइटमध्ये बहुधा ६५ टक्क्यांहून जास्त. ग्रॅनाइटच्याच घडणीचा लाव्हा थिजला तर ऱ्हायोलाइट होतो; बेसाल्टचा खोलवरचा जोडीदार गॅब्रो. केवळ गडद रंगावरून सिलिका कमी असेल असे मात्र समजू नका: काळीभोर काच वाटणाऱ्या ऑब्सिडियनमध्ये सहसा ग्रॅनाइटइतकीच सिलिका असते.