धक्का कोणी सोसायचा? इलेक्ट्रिक स्केटबोर्डच्या फळीची पार्श्वभूमी

इलेक्ट्रिक स्केटबोर्डला बहुधा सस्पेन्शन नसतं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा चाकं, फळी आणि चालवणाऱ्याचे गुडघे यांनी आपसांत वाटून घ्यायचा असतो. ही वाटणी गेल्या पन्नास-साठ वर्षांत अनेकदा बदलली. बाजारात तयार बोर्ड मिळत असताना हौशी मंडळी लाकडाचे थर चिकटवून स्वतःची फळी का घडवत बसतात, हे समजून घ्यायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

१९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सर्फिंगवेड्या पोरांनी फळीखाली रोलर स्केटची चाकं ठोकली. आधी लोखंडी, मग मातीच्या मिश्रणाची. वाटेत एखादा खडा आला की मातीचं चाक जागीच अडायचं आणि वरचा पोरगा पुढे फेकला जायचा. १९७०च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने व्हर्जिनियातल्या एका कारखान्यात पॉलियुरेथेनची स्केटची चाकं पाहिली, स्वतःच्या बोर्डाला लावून बघितली आणि पुढे कॅलिफोर्नियात ‘कॅडिलॅक व्हील्स’ या नावाने विकायला आणली. हे चाक खड्यावर किंचित दबतं आणि त्याला ओलांडून जातं. स्केटबोर्डच्या इतिहासात याहून मोठा शोध मी मानत नाही. त्याच दशकात मेपलचे सात पातळ थर चिकटवून फळी बनवायची पद्धत रुजली. जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची, चिवट, आणि उडी मारून आदळली तरी सहसा न मोडणारी.

मोटरही फार उशिरा आली नाही. १९७५मध्ये पेट्रोलवर चालणारा ‘मोटोबोर्ड’ निघाला, आणि १९७७मध्ये कॅलिफोर्नियाने मोटरवाल्या स्केटबोर्डवर बंदीच घातली. लुई फिंकल यांना हातातल्या वायरलेस रिमोटने चालणाऱ्या इलेक्ट्रिक बोर्डचं पेटंट १९९९मध्ये मिळालं, पण तेव्हाच्या बॅटऱ्या इतक्या जड होत्या की बोर्ड काखेत मारून जिना चढायची सोय नव्हती. कॅलिफोर्नियातली बंदी उठायला २०१६ उजाडलं. तेव्हापासून तिथे हजार वॉटच्या आतल्या आणि ताशी २० मैलांच्या पुढे न जाणाऱ्या बोर्डांना हेल्मेट घालून रस्त्यावर यायची मुभा आहे.

त्याच्या चार वर्षं आधी, २०१२मध्ये, स्टॅनफर्डच्या तीन विद्यार्थ्यांच्या ‘बूस्टेड’ने किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती. मोटर आणि रिमोटचं कौतुक खूप झालं. मला मात्र त्यांनी निवडलेली फळी जास्त महत्त्वाची वाटते. ‘लोडेड’ या लाँगबोर्ड (लांब स्केटबोर्ड) बनवणाऱ्या कंपनीची ती फळी बांबू आणि काचतंतूंची, मधोमध चांगली लवणारी होती. बॅटरीची पेटी एका टोकाला, मोटरला जाणारी वीज कमी-जास्त करणारा कंट्रोलर दुसऱ्या टोकाला, आणि मधला भाग लवायला मोकळा. बॅटरी अवघी ९९ वॅट-तासांची, त्यामुळे हे जमलं. डांबरावरची बारीक थरथर फळीच गिळायची.

मग लोकांना लांब पल्ला हवासा वाटू लागला. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी आपल्या ‘व्हीईएससी’ या मोटर कंट्रोलरचा आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि घरगुती बांधणीला जोर आला. सेलची संख्या वाढली, पेटी फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचली, आणि इथेच लवचीक फळी अडचणीची ठरली. बॅटरीतले ‘१८६५०’ या मापाचे नळकांडीसारखे लिथियम सेल एकमेकांना निकेलच्या पातळ पट्ट्यांनी स्पॉट-वेल्ड केलेले, म्हणजे ठिपक्याएवढ्या जागी वितळवून जोडलेले असतात. फळी हजारो वेळा लवली की पट्टी वेल्डच्या कडेलाच तुटते. त्याहून वाईट म्हणजे पट्टीची धार सेलच्या वरच्या टोकाचं प्लास्टिक घासत राहते. त्या सेलचा सगळा बाहेरचा डबा ऋण असतो, धन टोकाचं बटणही त्याच्या अगदी शेजारी. प्लास्टिक फाटलं की शॉर्ट सर्किट, आणि ते थेट पायाखाली. म्हणून जाणकार धन टोकावर कागदी इन्सुलेशनची चकती लावतात, सेलचे छोटे गट करतात आणि गटांना जाड सिलिकॉन वायरने, थोडी ढील ठेवून जोडतात.

दुसरा उपाय म्हणजे फळीच ताठ करायची. ती स्वतः बनवण्याचं मुख्य कारण माझ्या मते हेच. फोमच्या लादीला हवा तो बाक देऊन साचा करतात. त्यावर दीड मिलिमीटरचे मेपलचे थर, बहुतेकांचे रेषे लांबीच्या दिशेने आणि एक-दोघांचे आडवे, गोंद लावून रचतात. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातपंपाने हवा काढली की बाहेरच्या हवेचा दाब थरांना साच्यावर घट्ट बसवतो. टोरांटोच्या ‘रोरॉकिट’ने असे संच विकून हे काम घरच्या टेबलावर आणलं. वर-खाली इपॉक्सी या कडक होणाऱ्या चिकट राळेत भिजवलेलं काचतंतूंचं किंवा कार्बनचं कापड चढवलं की फळीचा ताठपणा झपाट्याने वाढतो, कारण वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच्या थरांवरच येतो. पावलाच्या कडांना धरून ठेवणारा खोलगटपणा किती, चाकांमधलं अंतर किती, पेटीचे स्क्रू कुठे, हे सगळं बांधणाऱ्याच्या हाती राहतं.

पण ताठ फळी सगळी थरथर घोट्यांपर्यंत पोचवते. धक्का पुन्हा चाकाकडे ढकलावा लागतो, आणि त्याची तयारी स्नोबोर्डवाल्यांनी कधीच करून ठेवली होती. कोलोरॅडोत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्फ नसलेल्या महिन्यांसाठी हवा भरलेल्या टायरचे माउंटनबोर्ड निघाले, साधारण त्याच काळात ब्रिटनमध्येही. हिशोब सरळ आहे: २० मिलिमीटर उंच कडा ९० मिलिमीटरच्या चाकाला त्रिज्येच्या जवळजवळ निम्म्यावर आडवी येते, २०० मिलिमीटरच्या टायरला फक्त पाचव्या हिश्श्यावर. मोठा टायर कडेवर आदळण्याऐवजी चढतो, आणि आतली हवा उरलेला धक्का खाते.

मोबदलाही द्यावा लागतो. टायर मोठा झाला की चालवणारा उंचावर जातो, वळताना टायर फळीला घासू नये म्हणून जास्त रुंद ॲक्सल लागतो, आणि त्याच मोटरला अधिक मोठी गिअरपुली द्यावी लागते. नॉटिंगहॅमच्या ‘ट्रँपा’ने तर काचतंतूंची लवणारी फळी सोडलीच नाही. तिथे टोकं वर वळलेली, पाय पट्ट्यांत अडकवलेले, आणि बॅटरीची पेटी फळीच्या वर, दोन पावलांच्या मधोमध. खालून येणारा दगड तिला लागत नाही.