टाचणीच्या डोक्याएवढे यीस्ट

साखर, अमोनियम क्षार आणि यीस्टची राख एवढ्यावर यीस्ट वाढते, असे फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरने १८६० मध्ये सांगितले. बीज म्हणून, म्हणजे वाढ सुरू करायला, त्याने टाचणीच्या डोक्याएवढे यीस्ट टाकले होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगला मात्र तोच प्रयोग साधेना आणि वाद पेटला.

उलगडा व्हायला १९०१ उजाडले. बेल्जियमच्या विल्डियर्सला दिसले की बीज भरपूर असेल तर यीस्ट वाढते, मोजक्याच पेशी टाकल्या तर वाढत नाही. त्यात उकळलेल्या यीस्टचा थोडा अर्क घातला की वाढ सुरू होते. अर्कातल्या या अनोळखी घटकाला त्याने ‘बायोस’ म्हटले. टाचणीच्या डोक्याएवढ्या बीजातही लाखो पेशी असतात; त्यांच्याबरोबर तो नकळत आत जात होता. पुढे कळले की बायोस म्हणजे एक पदार्थ नव्हे: त्यात इनॉसिटॉल, पँटोथेनिक आम्ल, बायोटिन असे अनेक घटक होते. १९३६ मध्ये कोगल आणि टोनिस यांनी सुमारे २५० किलो सुक्या अंड्याच्या बलकातून जेमतेम १.१ मिलिग्रॅम बायोटिन काढले. केवढी चिकाटी!

काही जिवाणू साध्या खाद्यावर का वाढत नाहीत, हे कोडेही याच काळात सुटू लागले. ब गटातील जीवनसत्त्वांपासून सहविकरे (विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, कामात मदत करणारे रेणू) बनतात, त्यामुळे ती प्रत्येक पेशीला लागतात. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू ती बहुतेक स्वतःच तयार करतो. लॅक्टोबॅसिलस या लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूच्या अनेक जातींना ती आयती लागतात. ही परावलंबी वृत्तीच प्रयोगशाळेच्या कामी आली: जितके जीवनसत्त्व, तितकी वाढ. १९३९ मध्ये स्नेल आणि स्ट्राँग यांनी लॅक्टोबॅसिलस केसीच्या वाढीवरून रिबोफ्लेविन (जीवनसत्त्व बी-२) मोजले. बी-१२ चा शोधही असाच लागला: घातक पंडुरोगावर दिल्या जाणाऱ्या यकृताच्या अर्काची ताकद मेरी शॉर्ब यांनी लॅक्टोबॅसिलस लॅक्टिसवर तपासली आणि १९४८ मध्ये शुद्ध स्फटिक हाती आले.

या चाचण्या आजही बिघडतात त्या बहुधा विल्डियर्सने दाखवलेल्या कारणानेच. बीज म्हणून टाकायचे जिवाणू जीवनसत्त्वांनी समृद्ध अशा खाद्यद्रवात वाढवलेले असतात. ते सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून तळाशी बसवून निर्जंतुक सलाइनने (मिठाच्या पाण्याने) दोन-तीनदा धुतले नाहीत, तर जीवनसत्त्व न घातलेल्या कोऱ्या नळीतही जिवाणू वाढून ती गढूळ होते. काचेला चिकटलेला अंशही पुरतो, म्हणून नळ्या २५० अंशांवर तासभर भाजतात. रिबोफ्लेविनचे काम मंद उजेडात करावे, नाहीतर ते प्रकाशाने नष्ट होऊन आकडा कमी येतो.

बी-१२ मध्ये वेगळीच फसगत होते. या चाचणीतला लॅक्टोबॅसिलस लाइशमनी बी-१२ नसतानाही डीऑक्सिरायबोसाइडांवर (डीएनएच्या घटकांवर) वाढतो. म्हणून नमुन्याचा एक भाग अल्कलीत तापवून त्यातले बी-१२ नष्ट करतात आणि तरीही दिसणारी वाढ मूळ आकड्यातून वजा करतात.